डागासकट परत केलेल्या चादरी

साल अठराशे त्र्याण्णव. ते पक्कं लक्षात आहे, कारण त्याच्या आदल्या वर्षी मी सून म्हणून या घरात आले होते आणि अजून सासूबाई मला फक्त दोऱ्याचं काम देत होत्या.

दोऱ्याचं काम म्हणजे काय ते आधी सांगते. आमचं धुलाईघर होतं. साठ-सत्तर घरांचं धुणं आमच्याकडे यायचं. एकाची चादर दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात रंगीत टाके घातलेले असत. तीन लाल म्हणजे शाळामास्तर, दोन हिरवे म्हणजे सराईवाले, एक आडवा काळा म्हणजे पालिकेचे डॉक्टर. टाके विरले की नवे घालायचे, गठ्ठे टाक्यांप्रमाणे फळीवर लावायचे, एवढंच माझं काम. वर्षभरात मी माणसांना चेहऱ्यावरून कमी आणि टाक्यांवरून जास्त ओळखायला लागले. रस्त्यात कोणी भेटलं की आधी मनात यायचं, अरे, हे तर दोन निळे आणि एक पांढरा.

धुलाईघर चढावर, झऱ्याच्या अगदी खाली. काळ्या दगडांची एक लांब खोली, तिच्यात तांब्याचे दोन मोठे हंडे, आणि भिंतीलगत ओळीनं सहा दगडी कुंड्या. कुंड्यांचं पाणी भिंतीतल्या भोकातून बाहेरच्या गटारात जायचं आणि गटार उतारानं खालच्या आळीकडे. पुढे ते कुठं जातं याची चौकशी आम्ही कधी केली नव्हती. सांडपाणी नजरेआड झालं की आपलं काम संपलं, असंच सगळे समजत होतो.

सासूबाईंचा एक नियम होता. डाग लागलेला कपडा गरम पाण्याला दाखवायचा नाही. आधी गार पाण्यात भिजवायचा, ते पाणी सोडून द्यायचं, पुन्हा गार पाणी घालायचं. अशी चार पाणी झाली की मगच हंड्यात उकळायचा. रक्ताचा किंवा पोटातला डाग एकदा उकळला की तो कपड्याचा होऊन बसतो, चादर फाटेल पण डाग सुटणार नाही. हे धुलाईतल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण चार पाणी देण्याचा धीर फक्त आमच्या सासूबाईंना होता. त्यांच्याकडून परत आलेल्या चादरीवर कधी कोणी निजलं होतं हेसुद्धा कळायचं नाही. त्या स्वतः हसत म्हणायच्या, माणूस गेलं तरी चालेल, डाग राहता कामा नये. त्या उन्हाळ्यानंतर हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

पटकी आली ती खालच्या आळीत. सकाळी धडधाकट माणूस दुपारी डोळे खोल गेलेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी रडारड. पालिकेच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा दूषित हवेचा रोग आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर डांबर जाळलं. त्या धुरानं वरच्या आळीतलं वाळत घातलेलं धुणं काळं झालं, रोग मात्र होता तिथेच राहिला. मग खालच्या आळीच्या तोंडाशी दोरी बांधली आणि पहारेकरी बसवला. आतलं कोणी बाहेर यायचं नाही. पाणी त्यांनी त्यांच्या विहिरीचं प्यावं, शिधा दोरीवरून देऊ.

त्या दोरीच्या आत माझी नणंद होती. पावभट्टीवाल्यांकडे दिलेली, वन्सं. मी सून होऊन आले तेव्हा घरात माझ्याशी पहिल्यांदा हसून बोलल्या त्या वन्सं.

बाकीच्या तीन धुलाईघरांनी खालच्या आळीचे गठ्ठे घ्यायला नकार दिला. सासूबाईंनी ते सगळे घेतले. कपड्यानं काय पाप केलंय, म्हणाल्या. डॉक्टरांनी निरोप पाठवला की हे धोक्याचं आहे. सासूबाईंनी उलट निरोप दिला की डॉक्टरांच्या मेजावरचं फडकं आम्ही सहा वर्षं धुतोय, त्याहून घाण काही यायची शक्यता नाही. आमचे हे दोरीशी जाऊन गठ्ठे आणायचे आणि धुतलेले परत द्यायचे. आमच्या घरात कोणी आजारी पडलं नाही. आम्ही झऱ्याचं पाणी पीत होतो आणि दिवसभर आमचे हात सोड्याच्या खारात असायचे. सासूबाई मात्र म्हणायच्या, बघ, स्वच्छतेच्या वाटेला रोग जात नाही.

मग एक दिवस गठ्ठ्यात पिवळ्या टाक्यांची चादर आली. पिवळे टाके वन्संच्या घरचे. पहिली चादर त्यांच्या सासऱ्यांची. चार दिवसांनी एक छोटी दुलई आली, वन्संच्या तीन वर्षांच्या मुलीची. ती दुलई मीच शिवून दिली होती. त्यानंतर तिसऱ्या दिवशी वन्संची स्वतःची चादर. ती सासूबाईंनी मला हात लावू दिली नाही. कुंडीपाशी स्वतः बसल्या. चारच्या जागी सहा पाणी दिली. लेकीला दुसरं काही देता येत नव्हतं, निदान बर्फासारखी पांढरी चादर तरी द्यावी, असं त्यांच्या मनात असणार. छोटी दुलई पांघरायला मात्र ती मुलगी उरली नव्हती. दुलई फळीवर तशीच राहिली.

मी त्या दिवशी फळ्या लावत होते. खालच्या आळीतली तेवीस घरं माझ्याकडे होती. बघता बघता लक्षात आलं की बावीस घरांतून आजाऱ्यांच्या चादरी आल्यात. एकाच घरातून नाही. जांभळा टाका. त्या गठ्ठ्यात नेहमीसारखे दोन झगे, एक रुमाल, झालं.

जांभळा टाका म्हणजे कजाग आजी. हे नाव आळीनंच दिलेलं. अकरा वर्षांपूर्वी विहिरीवर सगळ्यांशी भांडून बसली होती आणि तेव्हापासून त्या विहिरीचं पाणी तिनं वर्ज्य केलं होतं. म्हातारी रोज दोन कळश्या घेऊन चढ चढायची आणि झऱ्यावरून पाणी न्यायची. दोरी बांधल्यावरही पहारेकऱ्याला इतकं बोलली की त्यानं तिला मुकाट्यानं सोडायला सुरुवात केली.

तिचा गठ्ठा द्यायला मी स्वतः गेले. दोरीच्या अलीकडे मी, पलीकडे ती. मी सरळ विचारलं, आजी, विहिरीवर तेव्हा भांडण कशावरून झालं होतं?

"आता आली विचारायला," ती म्हणाली. "पाण्यात नीळ येते म्हणून सांगत होते. दर शनिवारी. सगळे म्हणाले, म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पडलाय."

शनिवारी आम्ही नीळ करायचो. पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात निळीचा हात द्यायचा, आणि उरलेलं पाणी कुंडीतून गटारात सोडायचं.

पण नुसत्या म्हातारीच्या शब्दावर सासूबाईंसमोर उभं राहण्याची माझी छाती नव्हती. घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. हे कमी बोलणारे. एवढंच म्हणाले, बघूया. त्या दिवशी मंगळवार होता, निळीचा वार नव्हे. मी निळीचे चार मोठे पेले पाण्यात कालवले आणि सगळं एकदम कुंडीतून सोडून दिलं. हे दोरीशी जाऊन उभे राहिले. कजाग आजीला विहिरीत बादली सोडायला सांगितली. पहिली बादली साधी आली, दुसरीही साधी. आजीनं शिव्या घालत घालत पंधरा-वीस बादल्या उपसल्या. ऊन कलायला लागलं तेव्हा हे बाटलीभर पाणी घेऊन परत आले. पाणी निळं होतं. फार नाही, पण मोतीबिंदूचं निमित्त सांगता येऊ नये इतकं निळं.

मी ती बाटली सासूबाईंसमोर ठेवली आणि सांगितलं. गटाराचं पाणी जमिनीतून विहिरीत उतरतंय. आपण भिजवण्याचं पाणी सोडतो, ते ती माणसं पितात. वरचा डाग आपण काढतो आणि खाली पाजतो.

आधी त्या चिडल्या. त्या मला माझ्या माहेरावरून बोलल्या, शिक्षणावरून बोलल्या, माझ्याइतकी धुणी त्यांनी एका हातानं पिळलीत हे सांगितलं. मग त्यांनी बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली.

"मी सहा पाणी दिली गं तिच्या चादरीला," त्या म्हणाल्या.

त्यांनी बाटली खाली ठेवली, उठल्या, आणि कुंडीत भिजत असलेल्या सगळ्या चादरी पिळल्या न पिळल्या तशा उचलल्या आणि थेट उकळत्या हंड्यात टाकल्या. कुंडीतलं पाणीही बादलीनं उपसून दुसऱ्या हंड्यात ओतलं. एक थेंब गटारात जाऊ दिला नाही. ह्यांना सांगितलं, भिंतीतलं भोक दगड आणि चुना घालून बुजव, आत्ताच्या आत्ता. आजन्म पाळलेला नियम त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत मोडला. हंड्यात डाग उकळून पक्के होत होते आणि सासूबाई लाकडी दांड्यानं चादरी खाली दाबत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या पालिकेत गेल्या. मी बरोबर होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. विहीर बंद करा, दोरी सोडा, खालच्या आळीला झऱ्याचं पाणी द्या. अध्यक्ष म्हणाले की विहीर बंद केली तर ती माणसं वर झऱ्यावर येतील आणि रोग वर आणतील. डॉक्टर म्हणाले की वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं, हे पुस्तकात आहे. मग आवाज खाली आणून त्यांनी सासूबाईंना समजावलं की हे बाहेर बोलू नका, लोक तुमचं धुलाईघर पेटवतील, आणि परवान्याचाही प्रश्न आहे. धुलाईघर पालिकेच्या जागेवर होतं. परवाना गेला की हंडे उचलून रस्त्यावर यायचं.

सासूबाई म्हणाल्या, "परवाना तुमच्याकडे राहू दे. विहीर मी बंद करते."

वर्षाची नीळ आम्ही एकदम घेत असू. अर्धी गोणी उरली होती. भर दुपारी आम्ही तिघं ती गोणी घेऊन दोरीशी गेलो. पहारेकऱ्यानं काठी आडवी केली. म्हणाला, बाई, हुकूम आहे.

"हुकूम कसला आहे? बाहेर यायचं नाही, असाच ना? मला बाहेर यायचंच नाही. मला आत जायचंय."

तो विचारात पडला. आत जाऊ देऊ नये असं कुणी सांगितलं नव्हतं, कारण आत जायला कोणी येईल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याचा विचार संपायच्या आधी आम्ही दोरीखालून आत गेलो होतो.

विहिरीवर बायका पाणी भरत होत्या. सासूबाईंनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, गोणीचं तोंड सोडलं आणि ती विहिरीत उपडी केली. नीळ वाऱ्यानं उडून आमच्या तोंडावर बसली. विहीर खालपर्यंत निळीजांभळी झाली, जणू त्यात आभाळ कालवलं होतं. ते पाणी आता गुरांनीही तोंडात घेतलं नसतं.

दारं उघडली, माणसं बाहेर आली. जी चालू शकत होती ती. आमच्या पिण्याच्या पाण्याचा नाश केला म्हणून ओरडायला लागली. सासूबाई विहिरीच्या काठावर चढून उभ्या राहिल्या. गटाराचं, कुंडीचं, चार पाण्यांचं सगळं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या कुणावर ढकललं नाही, मला माहीत नव्हतं असंही म्हणाल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, तुमच्या घरचं आजारपण मी धुतलं आणि तुम्हालाच पाजलं.

कोणीतरी पावाचा पत्र्याचा साचा फेकला. तो त्यांच्या भुवईवर लागला. फेकणारा पावभट्टीवाला, म्हणजे त्यांचा जावई. निळ्या तोंडावरून रक्ताची रेघ खाली आली. त्यांनी ती पुसली नाही.

"मारा," त्या म्हणाल्या. "शिव्याही द्या. पण आधी उकळलेलं पाणी प्या. घसा कोरडा असला की शिवी नीट लागत नाही."

हसली फक्त कजाग आजी. पण तिच्या हसण्यानं माणसं थोडी सैल झाली.

त्या दिवसापासून आमचे हंडे दोन कामांना लागले. एकात चादरी उकळायच्या, दुसऱ्यात पिण्याचं पाणी. हे आणि आमच्या धुलाईघरातले दोन गडी खांद्यावर कावड घेऊन दिवसभर ते पाणी दोरीपलीकडे पोचवायचे. खळ शिजवायचं जे भांडं होतं त्यात सासूबाई तांदळाची पातळ पेज मीठ घालून शिजवायच्या आणि चमच्याचमच्यानं पाजायला सांगायच्या. औषध म्हणून नव्हे. पोटात काहीतरी टिकावं म्हणून. वन्संना त्यांनी स्वतः पाजली असती, पण वन्संनी आईला घरात येऊ दिलं नाही. मग ती पेज मी पाजली. त्या तोंड उघडायच्या, डोळे भिंतीकडे ठेवायच्या. मुलीविषयी एक शब्द बोलल्या नाहीत.

इकडे वरच्या आळीत वेगळाच गोंधळ. सासूबाईंनी सगळ्यांचंच धुणं आधी उकळायला घेतलं होतं, कोणाच्या घरात काय लपलंय ते थोडंच कळणार. त्यामुळे सगळ्यांच्याच चादरी डागासकट परत जाऊ लागल्या. सराईवाल्यानं बारा चादरी परत पाठवल्या, वर निरोप की हात गेला का बाईंचा. डॉक्टरांच्या बायकोनं मेजावरचं फडकं नोकराबरोबर धाडलं, त्यावर रश्श्याचा डाग नकाशासारखा पक्का बसला होता. एकेकाळी सासूबाईंनी असा एक डाग दिसला तर जेवण सोडलं असतं. आता त्यांनी त्या परत आलेल्या सगळ्या चादरी पालिकेच्या दारासमोर वाळवणाची दोरी बांधून तिच्यावर वाळत घातल्या. येताजाता अध्यक्षांना त्यांच्या खालून वाकून जावं लागायचं. शिपाई काढायला आला तर म्हणाल्या, ओल्या आहेत, वाळल्या की काढते. आणि रोज त्यांवर पाणी शिंपडायच्या.

विहीर निळी झाल्यावर अध्यक्षांना खालच्या आळीला झऱ्याचं पाणी द्यावंच लागलं. शेवटी दोरीही सोडली. नीळ ओतली त्या दिवसानंतर पाच दिवस नव्या चादरी येत राहिल्या, मग कमी झाल्या. तेविसाव्या दिवशी मी फळी लावली तेव्हा खालच्या आळीच्या गठ्ठ्यांत फक्त रोजचे कपडे होते. मी सासूबाईंना हाक मारून दाखवलं. त्यांनी एकेक गठ्ठा सोडून पाहिला, टाक्यावरून बोट फिरवलं आणि पुन्हा कामाला लागल्या.

परवाना गेला. पालिकेनं कारण लिहिलं, सार्वजनिक विहिरीचं नुकसान आणि धुलाईच्या कामात हलगर्जी. आम्ही हंडे घराच्या मागल्या अंगणात आणले आणि तिथंच चूल मांडली. गिऱ्हाईक निम्मं राहिलं, पण खालच्या आळीतली एकूण एक घरं राहिली. पिवळा टाका सोडून.

आता कोणाचं काय झालं ते सांगते.

पालिकेचे डॉक्टर पुढं मोठ्या शहरात गेले. तिथं त्यांनी पाण्यातून पसरणाऱ्या रोगांवर व्याख्यान दिल्याचं वर्तमानपत्रात आलं होतं. विहिरीचा उल्लेख होता, निळीचा होता, सासूबाईंचा नव्हता. ह्यांनी ते वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, चला, शिकला तरी.

अध्यक्ष पुढच्या निवडणुकीत पडले. आम्हाला दोरीखालून ये-जा करू दिली म्हणून पहारेकऱ्याला कामावरून काढलं होतं. तो आमच्याकडे कावड वाहायला लागला आणि आमच्याकडेच म्हातारा झाला. कजाग आजी ब्याण्णव वर्षांची होऊन गेली. खालच्या आळीत पुढं नवी विहीर खणली, तिच्यावर आजीला पहिला मान मिळायला लागला होता, पण त्या विहिरीचं पाणी खारट आहे म्हणून तिनं तिथंही भांडण काढलं आणि चढ चढत राहिली.

हे एकोणीसशे बत्तीस साली गेले. शेवटपर्यंत कमी बोलले. ते चुन्यानं बुजवलेलं भोक त्यांनी दरवर्षी जाऊन तपासलं, परवाना गेल्यावरसुद्धा.

वन्सं वाचल्या. तीन वर्षं त्यांनी आमच्याकडे धुणं पाठवलं नाही, की पाऊल टाकलं नाही. चौथ्या वर्षी एका सकाळी पावभट्टीवाले स्वतः गठ्ठा घेऊन दारात आले. सासूबाईंच्या भुवईवरच्या व्रणाकडे त्यांनी पाहिलं नाही, गठ्ठा ठेवला आणि गेले. त्यात नव्या बाळाची दुपटी होती, पिवळ्या टाक्यांची. सासूबाईंनी ती स्वतः धुतली. आधी उकळून.

त्यानंतर त्या नऊ वर्षं जगल्या. हळूहळू गावातली बाकीची धुलाईघरंही आजाऱ्याचं धुणं आधी उकळायला लागली, आणि चादरीवर फिकट तपकिरी डाग असला तर लोक तोंड वाकडं करेनासे झाले. पालिकेनं एकदा परवाना परत द्यायची तयारी दाखवली होती, चुकून झालं असं लिहून द्या म्हणून. सासूबाईंनी विचारलं, चूक कोणती लिहू, चार पाण्यांची की निळीची? चार पाण्यांची लिहून देते, कितीही वेळा. निळीची देणार नाही. तो कागद कोरा परत गेला.

मी आता ऐंशीची आहे. ती छोटी दुलई माझ्या पेटीत आहे. चार पाणी दिलेली, पांढरीशुभ्र, एकही डाग नसलेली. नातसून विचारते, आजी, इतकी सुंदर दुलई बाळाला का नाही घालत? मी तिला दुसरी शिवून दिली.